घरच्या माणसाचं नाव ठेवू नका

नांदेड सोडून मी लातूरला एका कोचिंग क्लासच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला लागले, तेव्हा भूकंपाला बरीच वर्षं होऊन गेली होती. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या. लॅब बघायचे एक सर, निलंग्याकडचे. मशीन खोलून जोडायला त्यांनीच मला शिकवलं. मी तापट, ते थंड. तरी आमचं लई जमायचं. आज ते कुठं आहेत ठाऊक नाही, आणि आठवण आली की जीव तळमळतो.

फावल्या वेळात मी लॅबच्या मशीनवर चालणाऱ्या एका फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमची वाक्यं मराठीत करायचे. ती बसवताना अ‍ॅडमिनच्या पासवर्डबद्दल चार ओळींची सूचना यायची. तिनं माझा घाम काढला! ‘प्रशासक’ लिहिलं तर सर म्हणाले, "मॅडम, हे काय कलेक्टर कचेरी हाय का?" शेवटी जमलं: सहज ओळखू येईल असा शब्द नको, घरच्या माणसाचं नाव ठेवू नका, अधूनमधून बदला.

सरांना ते वाचून दाखवलं. लॅबचा पासवर्ड एका मुलीचं नाव होतं. "कोण हो ही?" म्हणून मी चिडवायचे, ते हसण्यावारी न्यायचे. त्या दिवशी म्हणाले, "बहीण. भूकंपात गेली. मायला सोसंना, म्हणून घरात तिचं नाव काढायचं न्हाई, असं वडलांनी सांगितलं. तवापासनं कुणीच काढत न्हाई. मी हितं रोज सकाळी टाइप करतो, तेवढंच."

आणि मी दीडशहाणी! म्हटलं, "सर, पोरांनाबी माहीत झालाय तो. उद्या कुणी सगळं पुसून टाकलं म्हणजे?" नियम मीच लिहिलेला, मग पाळायला नको? त्यांनी मुकाट्यानं बदलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, तर सर पहिल्याच मशीनपुढं बसलेले. सावकाश एकेक अक्षर दाबत होते. पडद्यावर नुसते ठिपके, आणि मग ‘पासवर्ड चुकीचा आहे’. ते वाक्यही मीच लिहिलेलं. ते पुन्हा पहिल्यापासून दाबायला लागायचे.

"काय करून राहिलेत सर? तो आता चालत नाही."

"ठाऊक हाय, मॅडम," मान वर न करता ते म्हणाले. "तरीबी टाकू द्या."