जनान्याच्या दारावरची खाला

“उजेड येतोय गं बायांनो, सांभाळा!”

असं ओरडून ती डाव्या हातानं दोरी ओढायची. पितळी कड्या तारेवरून खडखडत जायच्या, हिरवा जाड पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरायचा आणि मगच थिएटरातले दिवे लागायचे. हा क्रम तिच्या हातून एकदाही चुकला नाही, असं माझी ताई आजही शपथेवर सांगते.

औरंगाबादची जुनी थिएटरं ज्यांनी पाहिली, त्यांना हा पडदा वेगळा सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. निजामाच्या राज्यात सिनेमाला बायकांची बसायची जागा वेगळी असे. तिला जनाना म्हणत. तिचं दारही वेगळं, मागच्या गल्लीत. अंधार झाला की जनान्यापुढचा पडदा बाजूला व्हायचा, दिवे लागायच्या आत पुन्हा बंद. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, कचेऱ्यांवरचे झेंडे बदलले. आमच्या गल्लीतल्या थिएटरात मात्र पडदा तसाच राहिला आणि तो ओढणारी ही बाईही. मुसलमान बायका तिला खाला म्हणत, आमच्या ताईसारख्या मावशी म्हणत. ती दोन्हींना ओ द्यायची.

थिएटरात मशीन एकच होतं. त्यामुळे दर रिळाला खेळ थांबायचा आणि दिवे लागायचे. खालाचं तोंड बायकांकडे असायचं आणि पाठ चित्राकडे, तरी कुठल्या वाक्यावर रीळ संपतं हे तिला दोन दिवसांत पाठ व्हायचं. चूल आवरून उशिरा आलेल्या बाईला ती दारातच गोष्ट सांगून मोकळी व्हायची. “ती गोरी हाय ना, ती सावत्र आई. मिशीवाला लई खोटारडा. पोरीचं लगीन अजून व्हायचंय, तू बैस निवांत.” उर्दूतलं एखादं जड वाक्य आलं की आमच्याकडच्या बायकांना तिच्याकडून मराठीत मिळायचं, आणि मराठी बोलपट लागला की बुरखेवाल्यांना दखनीत.

खेळ सुटल्यावरची मजा मी आमच्या मागच्या दारातून रोज बघायचो. गल्लीत नवरे उभे. बुरखे सगळे सारखे, आणि चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं नाही हा नियम हिंदूंनाही आणि मुसलमानांनाही. ते नुसते खाकरत उभे राहायचे.

“कुठलं घर?” खाला विचारायची.

“किराडपुरा.”

“किराडपुऱ्यात काय एकच घर हाय का, मियाँ? चप्पल सांगा!”

तो बिचारा इकडेतिकडे बघत पुटपुटायचा, “लाल पट्ट्याची.”

आत आरोळी जायची, “किराडपुरा, लाल पट्टा! चला, तुमचे आले!”

एकदा एका सासूनं भर खेळात दार ठोठावलं. आपली सून आत आहे का, असा जाब विचारला. खाला दार जेमतेम किलकिलं करून म्हणाली, “आत अंधार हाय, आपा. अंधारात मला नुसत्या बाया दिसतात. सुना वळखू येत नाय.”

आता माझं सांगतो, कारण पुढं जे झालं त्यात माझा हात आहे. मी पत्रकांवर वाढलो. रझाकारांच्या दिवसांत वडील पिठाच्या डब्यात पत्रकं लपवायचे आणि मी अक्षरं शिकलो ती त्याच कागदांवर. कॉलेजात गेल्यावर पहिलं पत्रक मी लिहिलं ते या पडद्यावर. स्वतंत्र देशात स्त्रीनं कापडाआड का बसावं, राज्य उलथलं तर त्याचे पडदे कशाला जपायचे, असा खडा सवाल केला होता. आम्ही तिघा मित्रांनी ते छापून आठवडाभर थिएटरच्या मोठ्या दारावर, दर खेळाला वाटलं. लोक थांबून वाचायचे. मला मूठभर मांस चढलं होतं.

आठव्या दिवशी खालानं मला गल्लीत गाठलं.

“भाऊ, तुझा कागद म्हणे बायांसाठी हाय.”

“हो.”

“मग एका तरी बाईला दिला का?”

बायका मोठ्या दारानं येतच नव्हत्या. जनान्याचं दार आमच्या मागच्या दारापासून वीस पावलांवर होतं, मी लहानपणापासून ते बघत होतो, आणि माझा एकही कागद त्या दाराशी गेला नव्हता.

“मला वाचता येत नाय,” ती म्हणाली. “तू वाच.”

भर दुपारी गल्लीत उभं राहून मी माझं पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. तिनं मान खाली घालून ऐकलं.

“चांगलं लिहिलंस. खोटं नाय त्यात काही. जाऊ दे मेला पडदा, माझ्या आईनं थोडाच शिवलाय! पण बाया बसतील कुठं, ते लिहायचं राहिलं की.”

“कुठंही बसतील. माणसासारख्या.”

“कुठंही म्हंजे कुठं?”

मला तो प्रश्न अडाणी वाटला. मी हसलो आणि निघालो.

पत्रकाला यश इतक्या लवकर आलं की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. थिएटरच्या मालकानं मला बोलावून चहा पाजला, माझे विचार फार पुढारलेले आहेत म्हणाला आणि महिन्याच्या आत पडदा उतरवला. त्याला जनान्याच्या जागेत गादीच्या खुर्च्या टाकायच्या होत्या, हे मला मागाहून कळलं. गल्लीतलं दार आतून खिळे मारून बंद झालं. खालाचं कामही त्या दाराबरोबर गेलं. आम्ही पेढे वाटले.

पहिल्याच शुक्रवारी नेहमीच्या बायका गल्लीत जमल्या आणि बंद दारापुढं उभ्या राहिल्या. कुणी सांगितलं नसताना खाला आली. दार बघितलं, बायका मोजल्यासारखी नजर फिरवली आणि म्हणाली, “चला, मोठ्या दारानं.” पुढं ती, मागं चौदा-पंधरा जणी. बुरखे, नऊवारी, कडेवर पोरं. भर रस्त्यानं हा मोर्चा निघाला. मी कितीतरी मोर्चे पाहिलेत, त्यात घोषणा नसलेला हा एकच. तिकिटाच्या रांगेतले पुरुष आपोआप दोन्हीकडे झाले.

आत एका रांगेत तिनं सगळ्यांना ओळीनं बसवलं. एका टोकाला स्वतः, दुसऱ्या टोकाला ताई, कारण ताईचा आवाज मोठा. पहिलं रीळ संपत आलं तशी खाला सवयीनं उठली. हात वर गेला, तिथं ओढायला काही नव्हतं. दिवे लागले आणि पुढची सगळी डोकी मागं वळली.

“सिनेमा तिकडं हाय, भाऊ,” खाला म्हणाली. “इकडं लागला की सांगू.”

डोकी फिरली. मी मागून हे पाहिलं आणि मनात म्हटलं, जिंकलो.

तीन-चार आठवडे असं चाललं. पण तिकिटावर रांग लिहिलेली नव्हती. कुणीही यायचं आणि बायकांच्या मधल्या खुर्चीत बसायचं. पाय लागायचे, कोपर लागायचं. एकानं तर चेहरे बघायला अंधारात काड्या ओढल्या. पंधराच्या नऊ झाल्या, नवाच्या पाच. तेव्हा खाला आमच्या मागच्या दाराशी आली. ताई आत भांडी घासत होती.

“अजून एक कागद काढ,” ती मला म्हणाली. “पडदा नको. दार नको. एक रांग बायांची, एवढंच लिही. मालक तुझं ऐकतो.”

मी नाही म्हणालो. वेगळी रांग म्हणजे पडदाच, फक्त कापडाचा नाही, असं मी तिला समजावलं. समतेला राखीव कोपरा लागत नसतो, असंही म्हणालो. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते नंतर वहीत उतरवून ठेवलं.

“म्हंजे पडदा काढायला तुझ्याजवळ कागद होता. रांगेला नाय?”

“हा तत्त्वाचा प्रश्न आहे, खाला.”

“उसूल तुझा ऱ्हायला बेटा, जागा आमची गेली.” ती रागावली नव्हती, आणि मला तेच जास्त लागलं.

ती गेल्यावर ताई राखेनं भरलेले हात तसेच घेऊन बाहेर आली. “तू बस की एकदा तिथं, लुगडं नेसून,” म्हणाली आणि पुन्हा आत गेली.

पुढच्या शुक्रवारी ताई गहू निवडत बसली होती. सिनेमाला जात नाहीस का, विचारलं तर सूप पाखडत म्हणाली, “कोणासंगं जाऊ?” मी थिएटरात जाऊन उभा राहिलो. एकही बाई नव्हती. शिट्ट्या होत्या, विड्यांचा धूर होता, गादीच्या खुर्च्या होत्या. एका जनान्याची सुटका करायला निघालो आणि अख्खं थिएटर मर्दाना करून बसलो. पडद्याची चीड मला आजही तेवढीच आहे. ते पत्रक आज छापायचं झालं तरी मी एक शब्द कमी करणार नाही. पण आधी गल्लीत जाईन, आणि “कुठंही म्हंजे कुठं?” याचं उत्तर मिळाल्याशिवाय छापखान्यात पाय ठेवणार नाही.

दुसरं पत्रक मी त्याच आठवड्यात लिहिलं. चार ओळींचं. मालकानं ते उभ्या उभ्या वाचून परत दिलं, या वेळी चहा नव्हता. बायका येतच नाहीत तर रांग कुणासाठी राखू, असं त्यानं विचारलं. खालाच्या घरी गेलो तर कुलूप. खुलताबादला बहिणीकडं गेली, शेजारी म्हणाले.

ती मला दिसली ती खुलताबादच्या उरुसात, तंबूतल्या सिनेमात. दिवस नुकता मावळला होता. लोक जमिनीवर बसले होते. डावीकडच्या जागेला सुंभाची दोरी लावलेली. एक टोक खुंटीला, दुसरं खालाच्या मुठीत. आत बायका पाय पसरून बसल्या होत्या. बुरखे वर टाकलेले, कुणी शेंगा सोलतंय, कुणी पोराला पाजतंय. पडदा कुठंच नव्हता. कुणा पुरुषानं दोरी ओलांडायला पाय उचलला की ती नुसती मूठ वळायची. दोरी ताठ व्हायची आणि पाय मागं जायचा.

“खाला, कागद काढला मी,” मी वाकून म्हणालो. “रांगेचा.”

“वाच.”

मी वाचला. तिनं ऐकला आणि मान डोलावली.

“आता बरोबर लिहिलंस. जा, मर्दांत जाऊन बस. पिच्चर चालू व्हतोय.”

पुढच्या वर्षी उरुसात पुन्हा त्या तंबूत गेलो. दोरी होती. टोक दुसऱ्याच एका तरुण बाईच्या हातात होतं. खाला कुठं आहे, असं मी विचारलं. तिनं माझ्या पायांकडं बघितलं.

“आधी भायेर सरका.”

मी दोरीबाहेर सरकलो. मग तिनं सांगितलं, खाला थंडीतच गेली.