बिग पुरे गो

डिमेलो बाई निबंधात मोठेपणाचा शब्द आधी शोधायच्या, चुका नंतर. ‘ह्यूज’, ‘इनॉर्मस’, ‘इमेन्स’ असं काही दिसलं की लाल पेन्सिल आडवी फिरलीच. “बिग पुरे गो,” म्हणायच्या. “आणि बिग लिहिलंस तर वस्तू दाखव.”

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्या बोरिवलीतल्या आमच्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवायच्या. राहायला शाळेमागच्या जुन्या ख्रिस्ती गावठाणात. तिथल्या लोकांची शेतं विकली गेली होती. बाईंच्या दारात मात्र विहीर आणि बोरीचं झाड अजून होतं. ‘मोठा’साठी इंग्रजीत किती शब्द आहेत हे शिकवायला त्या वर्ग घेऊन बाहेर पडत. हेडमास्तरांचं टेबल लार्ज, नॅशनल पार्काकडचा डोंगर ह्यूज, भरतीची खाडी व्हास्ट. ‘इमेन्स’ला वस्तू कुठली, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “तो शब्द तुमच्या वयाला नको.”

मी वर्गात पहिली यायचे आणि मला त्याची चांगलीच घमेंड होती. ‘माझी आई’ या निबंधात मी आईचं प्रेम इमेन्स असल्याचं ठोकून दिलं. बाईंनी वही पुढ्यात सरकवली. “इमेन्स म्हणजे किती? आज सकाळी तिनं तुझ्यासाठी काय केलं?”

“साय मला दिली. स्वतः कोरा चहा प्यायली.”

“मग तेवढंच लिही.”

मी लिहिलं, पण मनातून धुमसत राहिले.

बाईंचा मुलगा ॲन्टन दुपारी त्यांचा डबा घेऊन यायचा. बावीस वर्षांचा, आईला एकुलता एक. बोरांच्या दिवसांत डब्याबरोबर पिशवीही असायची. तो वर्गाच्या दारात उभा राहून ओंजळीनं बोरं वाटायचा. त्याला कावीळ झाली आणि आठ दिवसांत तो गेला.

वर्गानं बाईंना इंग्रजीत पत्र लिहायचं ठरवलं. लिहिणार अर्थातच मी. इनॉर्मस लॉस, ट्रिमेन्डस शॉक, इमेन्स ग्रीफ, बाईंनी आजवर खोडलेला एकही शब्द मी सोडला नाही. खरं सांगते, लिहिताना मला ॲन्टनपेक्षा माझ्या इंग्रजीचंच कौतुक जास्त वाटत होतं. शेवटच्या बाकावरची सुमती म्हणाली, “माझं पण एक वाक्य घाल ना. ॲन्टन हॅड बिग हँड्स. एका ओंजळीत तीन जणींची बोरं मावायची, ते.”

“अगं, दुखवट्याच्या पत्रात बोरं काय?” मी हसले. तिनं पेन घेतलं आणि तळाशी स्वतःच लिहिलं.

बाई महिन्याभरानं परतल्या. काळे कपडे, आवाज खाली गेलेला. पत्राबद्दल एक शब्द नाही. आणि लाल पेन्सिल थांबली. मी मुद्दाम एका निबंधात दोनदा ‘इमेन्स’ लिहून पाहिलं. बाईंनी खाली सही करून वही परत दिली. माझ्या पत्रानंच बाईंना दुखावलं, याची मला खात्री पटली. विचारायचं धाडस मात्र झालं नाही. मी त्यांना टाळू लागले, आणि शाळा सुटल्यावर तर फिरकलेच नाही. तेव्हा एकदा तरी जायला हवं होतं.

दशक संपता संपता बाई गेल्या. मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा त्यांना शवपेटीत ठेवलं होतं. त्यांच्या यजमानांनी मला ओळखलं. त्यांच्या हातात बाईंचं प्रार्थनेचं पुस्तक होतं आणि पुस्तकात घडी घातलेला कागद.

“हा तुमच्याच वर्गाचा ना? रोज चर्चला मिस्साला नेत होती. पुस्तक तिच्यासंगती पेटीत देतोय. कागद पण देऊ काय?”

मी घडी उघडली. माझे सगळे मोठे शब्द लाल रेघेखाली गेले होते. ‘वुई आर सॅड’ तेवढं शिल्लक राहिलं होतं. तळाला सुमतीची वेडीवाकडी ओळ जशीच्या तशी होती. ‘बिग’च्या डोक्यावर बरोबरची खूण, आणि ती इतक्यांदा गिरवलेली की तिथे कागद विरून भोक पडलं होतं. तिथेच खाली बसून मी रडले.

“अंकल, वरचं माझं आहे,” मी म्हटलं. “तेवढं फाडून घेऊ?”

“राहू दे गो,” ते म्हणाले. “तिनं तपासलेलं हाय.”

त्यांनी घडी घातली आणि कागद बाईंच्या हाताखाली ठेवला.