सतरंजीवर बसणारे लेखक

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात सातवीला मराठी शिकवत होते. मुलांसाठी गोष्टी लिहिणारे एक लेखक दरवर्षी मंगळवेढ्याहून एसटीने आमच्या शाळेत यायचे. स्टेजवरच्या खुर्चीवर कधी बसले नाहीत. मुलांमध्ये सतरंजीवर मांडी घालायचे आणि कुणी बोलू लागलं की चष्मा काढून हातात धरायचे.

एका वर्षी त्यांनी नवी गोष्ट अर्ध्यावरच थांबवली. गोष्टीतली बकरी विहिरीत पडली होती.

"आता पुढं काय झालं, कोण सांगतंय?"

विणकराच्या घरातली एक मुलगी उभी राहिली. ती घरी तेलुगू बोलायची, माझ्या वर्गात तोंडच उघडायची नाही. दोन मराठी शब्दांत अडली आणि भरभर तेलुगूत बोलू लागली. हेडमास्तर ओरडले, "मराठीत बोल, नाहीतर खाली बस!"

"बसू नगंस," लेखक तिला म्हणाले. "सर, बकरी बुडाय लागलीय. बोलू द्या की तिला."

ती तेलुगूतच पुढं सांगत राहिली. तिचं सांगून झालं तेव्हा तेलुगू कळणारी मुलं खदाखदा हसत होती, आणि लेखकही.

"तुम्हाला काय कळलं?" हेडमास्तरांनी विचारलं.

"काय बी न्हाय. पण पोरं हसली, म्हंजे गोष्ट लई झ्याक हाय." मग मुलीला म्हणाले, "आता मला मराठीत सांग. चुकलं तरी चालतंय."

ती अडखळत म्हणाली, "मालक दोरी सोडला. बकरी दोरीच खाल्ला. मग मालकच पडला. त्याच्या डोक्यावर चढून बकरी बाहेर आला!"

सगळ्यात आधी हेडमास्तर हसले.

दुसऱ्या दिवसापासून तिला वर्गात गप्प बसवणं, हे माझं काम होऊन बसलं.