तेलाच्या दाबाचा काटा

साठ सालाच्या आसपास दिग्रसला माझं मोटार दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे वर टिनाचे पत्रे आणि खाली मी. अब्बा सायकली दुरुस्त करायचे. मी मात्र नागपूरच्या गॅरेजात राहून आलेलो, म्हणून कुणाचं इंजिन नुसतं खोकलं तरी आधी गंभीरपणे मान हलवायचो. मान हलवली की गिऱ्हाईक घाबरतं, एवढं मी नागपुरात नीट शिकलो होतो.

एकदा सरकीचे व्यापारी असलेले एक शेठ आपली गाडी घेऊन आले. "मिस्त्री, गाडी गरम झाली का तेलाच्या दाबाचा काटा एकदम शून्यावर येते. थंड झाली का पुन्हा वर जाते."

मी मान हलवली. "बेरिंग गेलं, शेठ. इंजिन खोलावं लागते."

इंजिन खोललं. गोणपाटावर सुटे भाग मांडले. येणारे-जाणारे थांबून पाहायचे आणि मला फार बरं वाटायचं. बेरिंगं मात्र नव्यासारखी निघाली. मी ती रॉकेलनं धुतली, होती तशी बसवली आणि शेठना म्हणालो, "आता पाहा."

शेठ आईला घेऊन यवतमाळला निघाले. दारव्ह्याच्या अलीकडे काटा शून्यावर आला. त्यांनी घाबरून इंजिन बंद केलं. मायलेक एसटी येईपर्यंत बाभळीखाली बसून राहिले. गाडी नंतर बैल जुंपून माझ्या दारात आणली, आणि सगळ्या बाजारानं ती पाहिली.

दुसऱ्या दिवशी शेठची आई स्वतः आली.

"काहून रे, तू दुरुस्त केली होती ना?"

"हो, माय."

"मंग कायले बिघडली?"

याचं उत्तर मान हलवून देता येईना. तेव्हा कुठं मी विचार करायला बसलो. दाब खरंच गेला असता तर इंजिन ठोकायला लागलं असतं. या इंजिनानं कधी हूं की चूं केलं नव्हतं. म्हणजे काटाच खोटं बोलत असेल. इंजिनाच्या बाजूला एक पितळी डबी असते, ती दाबाची खबर तारेनं काट्यापर्यंत पोचवते. माझा संशय तिच्यावर गेला.

खात्री करायला दाब मोजणारं दुसरं घड्याळ हवं होतं. गावातल्या कापसाच्या जिनिंगचा हंगाम संपलेला, त्यामुळे तिथल्या फिटरनं ऑइल इंजिनवरचं दाबाचं घड्याळ काढून दिलं, चांगलं ताटलीएवढं. मी डबी काढून तिथं तांब्याच्या नळीनं ते जोडलं आणि बॉनेटला हात लाववेना इतकी गाडी तापवली. घड्याळाचा काटा शून्याकडे गेला नाही. इंजिन पहिल्यापासून ठणठणीत होतं. थर्मामीटर बिघडलेलं, आणि मी रोग्याचं पोट फाडलं होतं.

नवी डबी नागपूरहून येईपर्यंत ते घड्याळ मी गाडीत पुढं लावून दिलं. डबी आली, मी बसवली, गाडीचा मूळ काटा नीट चालू लागला. आता मोठं घड्याळ काढायला गेलो, तर माय म्हणाली, "राहू दे. तो बारका काटा मले दिसत नाही. हा मांगून दिसते."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही चालतील असा जोड बसवून दिला. जिनिंगला शेठनी दुसरं घड्याळ घेऊन दिलं.

पुढं मायला केळापूरला देवीच्या दर्शनाला जायचं होतं. शेठना अचानक सरकीचं काम निघालं आणि गाडी चालवायला मला धाडलं. ते काम का निघालं, हे मला दिग्रस सोडताच कळलं. माय मागच्या सीटवर पुढं वाकून बसली होती.

"हळू घे, काटा वर चालला."

"माय, वेग वाढला का तो वर जातेच."

"तुले काय समजते? तू तर बेरिंग गेलं म्हणत होता."

केळापूरपर्यंत मी गाडी बैलगाडीच्या चालीनं नेली. चढावर काटा जरा थरथरला की ती थांबायला सांगायची, आणि मी गुमान थांबायचो.