ओमानचं हिरवं पाणी

मंडळी, शारजात राहणारे आपण ओमानला जातो ते बहुतेक व्हिसा बदलण्यापुरतेच. आज मात्र आम्ही खास फिरायला गेलो.

दोन्ही बाजूंना उघडेबोडके डोंगर आणि मधल्या घळीत, म्हणजे इथल्या वादीत, हिरवंगार पाणी. काठाला खजुरीची सावली. मी बघतच राहिले.

शारजा काय, ओमान काय, इथून व्हॉट्सॲपवर कॉल लागत नाही. त्यामुळे कुठेही गेलं की बोलत बोलत व्हिडिओ काढायचा आणि चिपळूणला बाबांना पाठवायचा, ही माझी सवय. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "वाळू बघितली गं, पाणी कुठाय?"

आजही फोन आपोआप वर गेला. "बाबा, हे बघा, सापडलं पाणी. पाय सोडून बसता येईल तुम्हाला."

शेजारी उभ्या लेकीने हळूच विचारलं, "मम्मा, हू आर यू सेंडिंग इट टू?"

बाबा गणपतीच्या आधीच गेले.

तो व्हिडिओ फोनमध्ये तसाच आहे. पाठवता येत नाही, डिलीट करवत नाही.

ज्यांचं असं माणूस गेलंय त्यांना विचारते, काही सुंदर दिसलं की आता तुम्ही कुणाला दाखवता?