हलू नका

नंदुरबारात असं एकही जुनं घर नसेल, ज्याला आमच्या दाजींनी एकदा तरी "हलू नका" म्हणून दटावलेलं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, माईचे यजमान. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ. नवरानवरी, बारशातली बाळं, परीक्षेच्या फॉर्मसाठी आलेली घाबरलेली पोरं, पोस्टरसाठी हात जोडणारे उमेदवार, सगळ्यांनी त्या काळ्या पडद्यासमोर बसून हे दोन शब्द ऐकलेले आहेत. घरात दाजी आमच्यासारखीच अहिराणी बोलतात, पण कॅमेऱ्यामागे उभे राहिले की एकदम शाळेतली मराठी आणि सगळ्यांना अहो-जाहो. सहा महिन्यांच्या बाळालासुद्धा ते "जरा हनुवटी वर घ्या" म्हणतात. त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची, हलणारी आणि न हलणारी. माईला पाहायला आले होते तेव्हा परतताना त्यांच्या आईनं विचारलं, पोरगी कशी वाटली? दाजी म्हणाले, "बेस शे. जराबी हालनी नही." लग्न ठरलं.

ही सवय स्टुडिओपुरती राहिली असती तर मी काही लिहायलाच बसले नसते. पण दाजी बँकेत गेले तर काउंटरमागच्या माणसाला थोडं उजेडाकडे सरकायला सांगतात. कुणाच्या घरी भेटायला गेले तर भिंतीवरचे तिरके फोटो सरळ करूनच चहाला हात लावतात. मागे पाठ धरली म्हणून एक्स-रे काढायला गेले, तर तिथला मुलगा आतून ओरडला, "काका, हलू नका!" आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना हे म्हणालं. दाजींना इतका आनंद झाला, की ते हसता हसता हलले आणि एक्स-रे पुन्हा काढावा लागला. मला ते यादीबाई म्हणतात, कारण मी यादी केल्याशिवाय भाजीलाही जात नाही. "यादीबाई, श्वास घेवानं लिखेल शे ना?" हा त्यांचा ठरलेला टोला. मीही सोडत नाही. म्हणते, हो दाजी, तुमच्या नावापुढे लिहिलंय, जपून घ्या, फोटो हलेल.

पण लोकांनी आता हलत हलतच फोटो काढून घ्यायला सुरुवात केली. ज्याच्या त्याच्या हातात फोन. स्टुडिओत कुणी आलंच तर पासपोर्टच्या फोटोसाठी, आणि तेही घाईत. शेवटी होळीला स्टुडिओ बंद करायचा आणि गाळा मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या एका पोराला भाड्याने द्यायचा, असं घरात ठरलं. दाजींनी वाद घातला नाही. फक्त म्हणाले, शोकेसमधला शेवटचा फोटो मी असा लावीन, की तो कुणाच्या फोननं निघणार नाही. ते शोकेस म्हणजे त्यांची आयुष्यभराची अब्रू. एका वेळी एकच फोटो, गावातला सगळ्यात चांगला. त्यात आपल्या पोरीचा फोटो लागला म्हणून पेढे वाटणारी माणसं मी पाहिली आहेत. आता तिथे कोण बसणार, या विचारात दाजींचे काही आठवडे गेले. मग एक दिवस पुण्याहून खोकं आलं. त्यात दुर्बीण होती.

दाजींनी निवडलेलं गिऱ्हाईक होतं मृग नक्षत्रातला तेजोमेघ. हरणाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्या जरा खाली धुरकट ठिपका दिसतो, तो म्हणजे वायूचा आणि धुळीचा अफाट ढग, आणि त्याच्या पोटात नवे तारे जन्माला येतात. दुर्बिणीला लेन्स काढलेला कॅमेरा जोडायचा, बराच वेळ उजेड आत येऊ द्यायचा, की झाला फोटो. निदान दाजींना तसं वाटत होतं. पहिल्या संध्याकाळी गच्चीवर त्यांनी इस्त्रीचा शर्ट घालून दुर्बीण रोखली आणि सवयीनं आभाळाला म्हणाले, "हलू नका." फोटोत सगळे तारे शेवयांसारखे लांब आले. दाजी रागावले. मी तोवर माहिती वाचून काढली होती. म्हटलं, दाजी, ते बिचारे हलत नाहीत, पृथ्वी फिरते, म्हणजे आपणच हलतो. दाजी खुर्चीत बसले. "मंग इतला वरीस मी गिऱ्हाइकस्ले उगाच बोलनू का?" त्यावर पायरीवर बसून लसूण सोलणारी माई म्हणाली, "मन्हा एक फोटू धड काढा नही, नी आभायले दटाडी ऱ्हायनात."

मग पृथ्वीच्या वेगानं दुर्बीण फिरवणारं मोटारीचं स्टँड आलं. पण गच्चीवर रस्त्याचे दिवे डोळ्यांत येत. अंधार आणि मोकळं आभाळ एकत्र कुठे मिळेल, याचा दाजींनी फार विचार केला आणि नंदुरबारच्या माणसालाच सुचेल अशी जागा शोधली. मिरचीची पथारी. गावाबाहेर नजर पोचेल तिथपर्यंत लाल मिरची वाळत घातलेली, आडवं येणारं झाड नाही, दिवा नाही. ज्या चाचांची पथारी होती त्यांच्या तीन मुलींच्या लग्नाचे फोटो दाजींचेच, पण दाजींनी त्यांना आधी सांगितलं नाही. शिवाय कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद करायलाही ते विसरले. अंधारात लखकन उजेड पडताच चोर समजून चाचा काठी घेऊन धावत आले. ओळख पटल्यावर त्यांनी चहा पाजला, पण रोज संध्याकाळी कौतुक पाहायला येऊन ते एकच वाक्य बोलत, "फोटूवाले भाई, तुम छींकते जादा हो, फोटू कम निकालते हो." खरंच होतं. दाजी श्वास रोखून बसत, आणि नेमक्या वेळी मिरचीचा खकाणा नाकात जाऊन अशी शिंक येई, की मृगातलं हरीण आभाळात उडी मारून जाई.

आणि एका संध्याकाळी तेजोमेघ आला. फोटोच्या कोपऱ्यात फिकट लाल, धुरकट, हुबेहूब. दाजींनी जिलबी आणली, चाचांनाही खिलवली, शोकेससाठी फ्रेम सांगून टाकली. दुसऱ्या दिवशी एका हळदीला त्याच कॅमेऱ्यानं फोटो काढले, तर नवरीच्या गालावर तोच तेजोमेघ. नवरदेवाच्या फेट्यावरही तोच, त्याच कोपऱ्यात. लेन्स काढलेल्या कॅमेऱ्यात मिरचीची बारीक भुकटी शिरून आत चिकटली होती. दाजींनी कॅमेरा साफ केला, नवरीचा गालही कंप्युटरवर साफ केला, पण त्यांचा धीरच सुटला. फ्रेमवाला विचारायला आला तेव्हा म्हणाले, राहू दे, रिकामंच शोकेस देऊन टाकू. हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की मी घरी जाऊन लगेच यादी करायला घेतली.

यादी तोरणमाळच्या डोंगरावर जायची होती. स्वेटर, थर्मास, जादा बॅटऱ्या, टॉर्चच्या तोंडाला बांधायला लाल कागद, भाकरी, ठेचा. पौषातली अवस निवडली, म्हणजे चंद्राचा त्रास नाही. माई कुरकुरली, "अवसना दिन कोन घाट चढस?" पण सगळ्यात आधी तीच जीपमध्ये जाऊन बसली. दाजींनी यादी तपासून ठेच्यावर काट मारली. मिरचीला गाडीत जागा नाही.

वर तलावाच्या बाजूला इतका अंधार आणि इतकी थंडी, की आम्ही दोघी एकाच घोंगडीत शिरलो. जेवणाच्या वेळेलाच मृग चांगला वर आला होता. दाजींनी दुर्बीण लावली, बटण दाबलं आणि थोड्या वेळानं कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहून खांदे पाडले. "मिरची," ते म्हणाले. मधोमध फिकट लाल डाग. कॅमेरा सोडवला, रबरी फुग्यानं आत हवा मारली, पुन्हा जोडला. पुन्हा डाग. पुन्हा हवा. तिसऱ्यांदा डाग आला तेव्हा ते बॅगेची चेन उघडून सामान भरायला लागले.

माई घोंगडीतून बाहेर आली आणि तिनं पडदा नाकाजवळ धरला. लग्नानंतर कित्येक वर्षं स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून बारीक ब्रशनं लोकांच्या फोटोवरचे डाग तिनंच झाकले होते. "पहिला फोटू दखाडा," ती म्हणाली. मग दुसरा. मग तिसरा. "हाऊ डाग नही शे."

"मंग काय शे?"

"डाग जागा सोडस का कधी? पहिलामा मधोमध व्हता, आते कोपराले गया. तुम्ही दुर्बीण हालाडी, नी हाऊ ताराससंगे सरकना."

दाजींनी तिन्ही फोटो पुन्हा पाहिले. प्रत्येक वेळी दुर्बीण नव्यानं रोखताना नेम थोडा सरकला होता, आणि डागही ताऱ्यांबरोबर तेवढाच सरकला होता. कॅमेऱ्यातली धूळ असती तर ती जागच्या जागी राहिली असती. त्यांनी बॅगेची चेन परत लावली आणि दुर्बीण पुन्हा रोखली. मग उठून बटणावर बोट ठेवलं आणि आमच्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, "हलू नका." आम्ही दोघी श्वाससुद्धा न घेता उभ्या राहिलो.

फोटो काही फार चांगला आलेला नाही. कडा फुटल्या आहेत, तारे जरा अंड्यासारखे झालेत. होळीच्या आदल्या दिवशी तो शोकेसमध्ये लागला. कुणाचा फोटो, असं लोक विचारत, तेव्हा दाजी सांगत, "तिथं तारे जन्माला येतात. बारशाचा फोटो आहे." जन्मभर बारशाचे फोटो काढणाऱ्या माणसाला याहून मोठं काय हवं होतं, मला माहीत नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं स्टुडिओचं शटर ओढलं आणि मागे न पाहता माईबरोबर घरी चालत गेले.

आता तिथे मोबाईलची कव्हरं लटकलेली असतात, पण त्या पोरानं शोकेस तसंच ठेवलंय. नवा फोन घेतलेले लोक काचेसमोर उभे राहून त्याच फोटोचा फोटो काढून बघतात. बहुतेकांच्या फोनमध्ये काचेवरची चमक तेवढी येते. संध्याकाळी फिरायला निघालेले दाजी कधी कधी समोरच्या फुटपाथवर थांबलेले दिसतात. परवा मी बाजारातून येत होते, तर ते रस्ता ओलांडून एका कॉलेजच्या मुलीजवळ गेले होते. "जरा तिरपे उभे राहा, चमक जाईल," असं सांगून दोन पावलं मागे सरले. मुलीनं फोन वर धरला. दाजींचे ओठ हलले. शब्द मला ऐकू आले नाहीत, पण मीही पिशवी घेऊन होते तिथेच थांबले.