नळीतून गेलेला पेरू

आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक जण सफरचंदंच आणतो. माझ्या नवऱ्याने आयुष्यभर त्यावरून लोकांना झापलं. "पेरू आणा हो! क जीवनसत्त्व कितीतरी जास्त, आणि चव वेगळीच!" आता त्यांच्याच उशाशी सफरचंदांचा ढीग पडलाय. गिळता येत नाही, सगळं नाकातल्या नळीतून द्यावं लागतं.

काल मी हट्टाने पेरू आणला. कापताना घरभर वास सुटला. त्यांना तोही हल्ली येत नाही. मिक्सरमधून काढून, दोनदा गाळून नळीत सोडला. जीवनसत्त्वं पोचली असतील सगळी. पेरू तेवढा वाटेतच राहिला.

"आज काय होतं?" त्यांनी विचारलं.

"पेरू."

त्यांनी मान वळवून उशाशच्या ढिगाकडे पाहिलं.

"सफरचंदही चाललं असतं गं," म्हणाले.